गुलाबमास्तरांचा काटकोन

गुलाबमास्तर भेटायच्या आधी मला बऱ्याच गोष्टी नीट समजत होत्या. माणूस शिकला की पुढे जातो, रांगेत टिकून राहिला की त्याचा नंबर लागतो, पास होणं चांगलं आणि नापास होणं वाईट, असल्या साध्यासुध्या गोष्टी. मास्तरांच्या दोन-अडीच वर्षांच्या ओळखीत त्यांतली एकही शाबूत राहिली नाही. तिच्या जागी दुसरं काही आलं असंही नाही. अजून काही उलगडत नाही, म्हणूनच त्यांच्याबद्दल लिहायला बसले आहे.

सत्तर सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. नगरला बेकारांची नावं नोंदवून घेणाऱ्या एका सरकारी कचेरीत मी कारकून होते. टायपिंगच्या परीक्षेत दोनदा गटांगळ्या खाल्ल्या होत्या, पण मावसभावाने कुणाच्या तरी कानावर घातलं आणि मी चिकटले. काही न येणारी मी खिडकीच्या आत आणि मॅट्रिक झालेली धडधाकट पोरं खिडकीच्या बाहेर, याचं तेव्हा मला विशेष काही वाटत नसे. नाव नोंदवायचं, तारीख घालायची, कार्ड खणात लावायचं, एवढं माझं काम. माझ्या मागच्या कपाटात खण होते. सगळ्यांत मोठा खण मॅट्रिक होऊन हाताला हुन्नर नसलेल्यांचा. कुठल्या खात्याची मागणी आली की त्या खणातली जुन्या तारखेची कार्डं वरून काढायची आणि नावं पाठवायची. जो आधी आला त्याचा आधी नंबर. यात गोंधळ होण्यासारखं काही आहे असं कुणालाही वाटलं नसतं.

मग वरून फतवा आला. पोरं बेकार आहेत ती हाताला कसब नाही म्हणून, तेव्हा नावनोंदणी झालेल्यांतून वीस जण निवडा आणि सहा महिन्यांत त्यांना फिटर करा. विद्यावेतन मिळेल. स्टेशनजवळच्या एका जुन्या गोदामात तात्पुरतं केंद्र उघडलं आणि शिकवायला गुलाब शेख नावाचे गृहस्थ नेमले.

भिंगारला लष्करी वर्कशॉपात वीसेक वर्षं काढलेला, झेंडीगेटला राहणारा, पंचेचाळिशीचा माणूस. नाव गुलाब आणि हाताचे पंजे असे की नमस्कार केला तरी टाळीसारखा आवाज व्हावा. पांढरा स्वच्छ शर्ट, खाकी पँट, आणि पँटच्या लांब खिशात कायम एक पोलादी गुण्या. सुतार, फिटर काटकोन बघायला वापरतात तो. माणसाने खिशात पेन ठेवावं तसा मास्तर गुण्या ठेवत. पहिल्यांदा आमच्या खिडकीशी आले ते मला नाव सांगायच्या आधी वाकून माझ्या टेबलाकडे बघायला लागले.

"बाई, हे टेबल कुनी केलं?"

"सरकारी आहे," मी म्हटलं.

"तरीच." गुण्या काढून त्यांनी कोपऱ्याला लावला, एक डोळा मिटला, आणि उजेड कुठून येतो ते मला दाखवलं. मला काही दिसलं नाही. "दिसंल दिसंल," ते म्हणाले. "एकदा दिसाया लागलं की मग पंचाईत हाय. मग समदं वाकडंच दिसतं."

ते अगदी खरं झालं. पुढचे पंधरा दिवस मला भिंतीवरची घड्याळं, दाराच्या चौकटी, साहेबांची टोपी, सगळं तिरकं दिसत होतं. साहेबांच्या टेबलालाही मास्तरांनी गुण्या लावला होता आणि मान हलवून तो खिशात टाकला होता. काय निघालं ते साहेबांनी विचारलं नाही, पण त्या दिवसापासून त्या कोपऱ्यावर ते फायली रचून ठेवायला लागले.

मुलं निवडायच्या दिवशी तर त्यांनी कमालच केली. साहेब मार्कशीटं घेऊन बसले होते, मी लिहून घ्यायला. मास्तरांनी मार्कशीटांना हातसुद्धा लावला नाही. आलेल्या प्रत्येकाच्या हातात एक कोरी पेन्सिल आणि एक पातं दिलं. "टोक कर." बस, एवढीच परीक्षा. कुणी घाईघाईने शिसं मोडलं, कुणी साहेबांकडे बघत बघत बोट कापून घेतलं. पारनेरकडचा किसन म्हणून एक होता, चोवीस वर्षांचा, लग्न झालेला, सहा वर्षांपासून आमच्या खणात पडलेला. त्या सालच्या दुष्काळात नवराबायको दोघं खडी फोडायला जात होते, त्यामुळे तळहाताला घट्टे. त्याने सावकाश टोक केलं, आणि खाली पडलेली सालपटं वेचून आपल्या खिशात टाकली. मास्तर माझ्याकडे वळले. "ह्येचं नाव लिवा."

"कारण काय लिहू?" मी विचारलं. तक्त्यात कारणाचा रकाना होता.

"त्येला पसारा सोसत न्हाई."

मी लिहिलं, 'यांत्रिक कल समाधानकारक'. तो कागद पुण्याला गेला आणि कुणीही त्याबद्दल काही विचारलं नाही.

गोदामात मशीन नव्हतं. म्हणजे एक ड्रिल मशीन आलं होतं, पण त्याची मोटर मागून येणार होती, आणि ती शेवटपर्यंत मागूनच येत राहिली. मास्तरांनी पोरांना लोखंडाचा एकेक ओबडधोबड ठोकळा दिला, एकेक कानस दिली, आणि घासायला लावलं. सहाही बाजू सपाट, सगळे कोपरे काटकोनात. एक महिना झाला, दोन झाले, पोरं आपली घासतायत. फिटर होण्यासाठी आलेली पोरं कुरकुरायला लागली. पुण्याहून एक तपासणीस आले, त्यांनाही पोरं नुसती घासताना बघून राग आला. मी कागद घेऊन तिथेच होते.

"यांना मशीनची माहिती कधी देणार?" तपासणिसांनी विचारलं.

"मशीन यील तवा दिऊ, साहेब. हात आल्यात ना, त्यांची माहिती देतोय."

तपासणीस रागावूनच गेले, पण जाताना एका पोराच्या ठोकळ्यावरून बोट फिरवून गेले. फिरवल्याशिवाय राहवतच नसे. मीही फिरवलं होतं. थंड आणि इतकं गुळगुळीत, की आपलंच बोट खरखरीत वाटावं.

ठोकळा पास करण्याची मास्तरांची रीत ठरलेली. पोराने तो आणून द्यायचा. मास्तर त्याला गुण्या लावून दारातल्या उजेडाकडे धरायचे. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली की ठोकळा परत. नाही दिसली तर मास्तर नंबराचा पंच घेऊन त्यावर पोराचा नंबर ठोकायचे. मग दुसऱ्या दिवशी स्वतः त्याला घेऊन आमच्या कचेरीत यायचे. हे सरकारने सांगितलेलं नव्हतं, पासाचं पत्र नुसतं टपालाने पाठवलं असतं तरी चाललं असतं. पण मास्तर त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालत, पोरालाही अंघोळ करून यायला सांगत, आणि हातात रेवड्यांचा पुडा असे. मोठ्या खणाला ते 'निजलेल्यांचा खण' म्हणत. त्यातून पोराचं कार्ड मी काढायचं, त्यावर 'फिटर' लिहायचं आणि कारागिरांच्या खणात टाकायचं. खण बंद झाल्याचा आवाज येईपर्यंत मास्तर हलत नसत. "मुबारक हो बेटा," ते म्हणत, आणि आख्ख्या कचेरीला रेवड्या वाटत. पोरगी उजवल्यावर बापाचा चेहरा होतो तसा त्यांचा चेहरा झालेला असे.

किसनचं कार्ड हलवलं त्या दिवशी तो इतका ताठ उभा होता की मला हसू आलं. "बाई, मॅट्रिकला बी मी ढकलत ढकलत सुटलो," तो म्हणाला. "हे येकच नीट पास झालो बगा."

आता माझा भाग. कार्ड दुसऱ्या खणात टाकताना त्यावर तारीख कुठली घालायची, जुनी की नवी, हे कुणीच सांगितलं नव्हतं. मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "फिटर तो आज झाला ना? मग आजची घाला." मला ते पटलं. मी आजची घातली. पाचव्या-सहाव्या कार्डाला माझ्या डोक्यात काहीतरी वळवळलं, की सहा वर्षं रांगेत असलेला पोरगा या खणात शेवटी चाललाय. पण सगळेच नवे होते, तेव्हा शेवटी म्हणजे कुणाच्या शेवटी, हेही कळेना. मी पुन्हा विचारलं नाही. रेवड्या मात्र खाल्ल्या.

फिटरांना मागणी आलीच नाही. नगरचे कारखानदार आपली माणसं दारावरच निवडत; आमच्या कचेरीला पत्र लिहून फिटर मागवावा असं त्यांना का वाटेल? आणि मग, सहा महिने उलटून गेल्यावर, जिल्ह्यातल्या एका खात्याकडून पत्र आलं. शिपाई पाहिजेत. मॅट्रिक, पंचवीसच्या आतले. वरची पंधरा नावं पाठवा.

मी मोठ्या खणातून पंधरा कार्डं काढली आणि यादी बोर्डावर लावली. यादी सोमवारी जायची होती. गुरुवारी किसन आला. बराच वेळ बोर्डासमोर उभा राहिला, मग खिडकीशी आला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच मला जड गेलं.

"बाई, चौदाव्या नंबरचा आमच्या शेजारच्या गावचा हाय. त्येनं नाव घातलं तवा मीच त्येला कचेरी दावाया आल्तो. मंग माझं नाव यादीतच कसं न्हाई?"

मी कार्ड शोधलं, तारखा पाहिल्या, बोटांवर मोजलं. जुन्या जागेवर असता तर तो अकरावा होता.

"तू आता फिटर आहेस ना," मी म्हटलं. म्हणताना माझंच मला कसं तरी झालं.

"व्हय, पन काम कुटं हाय फिटरचं? बायकू पोटुशी हाय बाई, अजून खडीवर जाती. आन् म्हैन्यानं मला पंचवीस पुरी व्हत्यात. मंग कंच्याच खनात माझा काय उपेग?"

त्याला बाकावर बसवून मी पाणी दिलं. दुसरं काय देणार? संध्याकाळी कचेरी सुटल्यावर सरळ गोदामात गेले आणि मास्तरांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातली कानस खाली ठेवली.

"म्हंजे शिकला म्हनून मागं गेला?"

"हो."

"न शिकता तसाच पडून ऱ्हायला असता तर?"

"तर लागला असता."

त्यांनी मला हेच पुन्हा विचारलं, आणि आणखी एकदा विचारलं. मी तीनदा तेच सांगितलं. मास्तर गोदामाच्या दारात जाऊन उभे राहिले. "मीच न्हेलं त्येला तुमच्याकडं. रेवड्या वाटत न्हेलं," ते म्हणाले. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं, कारण कार्ड मीच हलवलं होतं आणि नवी तारीखही माझ्या हातची होती. ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकलं की नाही कुणास ठाऊक.

शुक्रवारी ते साहेबांसमोर उभे राहिले. "ह्येचं कार्ड परत हुतं तिथं टाका."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी टेबलावरची एक फाईल उगाच इकडची तिकडे केली. "मास्तर, शिकलेल्या माणसाला न शिकलेला मी कसा करू? तुमच्याच सहीचं पासचं पत्र आहे." मग जरा थांबून, खिडकीबाहेर बघत म्हणाले, "शिक्षण पुरं झालंच नसेल तर गोष्ट वेगळी. मग बदल रद्द होतो आणि नाव जुन्या तारखेने जुन्या जागी जातं. पण त्याला नापासाचं पत्र लागेल आणि चुकलेला जॉब, म्हणजे तो ठोकळा, इथे टेबलावर लागेल. उद्या दीडच्या आत."

साहेबांनी हे नियम म्हणून सांगितलं की वाट दाखवली, ते मला कळलं नाही. मास्तरांना कळलं असावं, कारण ते एकदम म्हातारे दिसायला लागले.

शनिवारी सकाळी जॉब घ्यायला मीच गोदामात गेले. किसन तिथेच होता, गुरुवारपासून पारनेरला गेलाच नव्हता. त्याचा ठोकळा व्हाइसच्या जबड्यात आवळलेला होता आणि मास्तर कानस घेऊन उभे होते. ठोकळ्याचा फक्त एक कोपरा बिघडवायचा होता. कुणीही केलं असतं, मीसुद्धा. मास्तरांनी घासायला सुरुवात केली. दहा-बारा हात मारले, ठोकळा काढला, गुण्या लावला, उजेडाकडे धरला. रेघ नाही. पुन्हा आवळला, पुन्हा घासला. कपाळावर घाम आला. पुन्हा गुण्या लावला. रेघ नाही. पाव तासभर तो माणूस लोखंड वाकडं करायचा प्रयत्न करत होता, आणि ते नुसतं बारीक होत चाललं होतं, सगळीकडून सारखं.

"हात जाईना रे," ते किसनला म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. माझ्याही आलं.

किसनने त्यांच्या हातातून कानस घेतली. "सरा मास्तर." तो ठोकळ्यासमोर तसाच उभा राहिला, जसं त्यांनी त्याला सहा महिने उभं केलं होतं, डावा पाय पुढे, कोपर अंगाशी. तीन हात मारले. बोट फिरवलं. चौथा हात अगदी हलका मारला आणि ठोकळा काढून मास्तरांच्या हातात दिला.

मास्तरांनी गुण्या लावला. उजेडाची रेघ आली. त्यांनी सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद काढला आणि फटीत सरकवला. गेला. त्याचीच दुहेरी घडी केली. ती गेली नाही.

"येका कागदाला नापास," किसन म्हणाला. "जास्तीचं लोखंड कशाला घालवायचं?"

मास्तर त्या कोपऱ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी किसनकडे पाहिलं, आणि शप्पथ सांगते, रेवड्या वाटायला यायचे तेव्हा होत असे तसाच त्यांचा चेहरा झाला. तो दोन क्षण राहिला. मग ते बाकावर बसले आणि त्यांनी पत्र लिहिलं, की सदर उमेदवाराचा काटकोन सदोष असून तपासणीत चूक झाली, उमेदवार नापास आहे. सही करताना 'गुलाब'ची तिन्ही अक्षरं नीट काढली.

साहेबांनी ठोकळा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "चूक कुठे आहे?" त्यांनी मला हळूच विचारलं. ती मला दाखवून द्यावी लागली. कार्ड मी जुन्या खणात परत लावलं, अकरावं, आणि सोमवारी यादी गेली.

किसनला नोकरी लागली. महिन्याभराने खाकी कपड्यांत तो आपल्याकडचं नोंदणीचं कार्ड जमा करायला आला तेव्हा मी मनाची तयारी करून बसले होते, की तो खंतावलेला असणार. इतका हुन्नर हातात, आणि आता घंटा वाजली की धावायचं, साहेबांना पाणी द्यायचं. पण तो खूश होता. अगदी मनापासून खूश. "लई ब्येस हाय बाई. बायकू घरी बसली आता." मुलगी झाली होती. मी अभिनंदन केलं आणि तो गेल्यावर मला उगाचच रडू आलं. कशाचं ते सांगता येणार नाही.

बरं, एवढ्यावर गोष्ट मिटली असती तरी समजून घेतलं असतं. पण उरलेल्या एकोणीस जणांपैकी काही पोरं आमची वाट न बघता चिंचवडकडे गेली, कारखान्यांच्या दारात उभी राहिली आणि चिकटली. त्यांतला एक वर्षाने कचेरीत आला, मनगटावर घड्याळ, तोंडात पान. त्याला म्हणे तिथल्या फोरमनने एक लोखंडाचा तुकडा दिला आणि घासायला सांगितलं, आणि बघून लगेच आत घेतलं. "किसन कुटंय?" त्याने विचारलं. "तो तर आमच्यात लई भारी हुता."  किसनने थांबायला हवं होतं का? पण महिनाच उरला होता, आणि बायको खडीवर होती. मग मास्तरांनी त्याला निजलेल्यांच्या खणातून काढायलाच नको होतं का? पण काढलं नसतं तर हे पोरगं तरी घड्याळ घालून माझ्यासमोर कसं उभं राहिलं असतं? मी जितका विचार केला तितकी गुंतत गेले. साहेबांना बोलले तर ते म्हणाले, "बाई, जास्त विचार करू नका, दुसरी तुकडी निवडायची आहे."

दुसऱ्या तुकडीला मास्तर कुणालाही घेऊन कचेरीत आले नाहीत. पासाची पत्रं टपालाने आली. पोरांना विचारूनच कार्ड हलवा, एवढं प्रत्येक पत्राच्या खाली शाईने लिहिलेलं असे.

माझी बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला मी गोदामात गेले. दुपारची वेळ होती. वीस नवी पोरं रांगेत उभी राहून घासत होती आणि त्या आवाजात बोललेलं ऐकू येत नव्हतं. मास्तरांचे केस बरेच पिकले होते. त्यांनी मला बसायला स्टूल दिलं, घरच्यांची चौकशी केली, बदली कुठे ते विचारलं. मग स्टूल माझ्या जवळ ओढून, पोरांना ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाले, "बाई, तुमी कचेरीतल्या. मला येक सांगा. ह्या पोरास्नी चांगलं शिकवू का बेतानं?"

ते थट्टा करत नव्हते. एवढ्या दिवसांत त्यांनी शिकवण्याबद्दल माझा सल्ला कधी घेतला नव्हता, आणि आता उत्तराची वाट बघत होते. 

"विचारून सांगते, मास्तर," मी म्हणाले.

त्यांनी गंभीरपणे मान हलवली, जसं काही असं कुणी होतं ज्याला मी विचारू शकले असते. तेवढ्यात रांगेच्या टोकाला एक कानस किंचाळली. मास्तर उठलेच. त्या पोराच्या मागे जाऊन उभे राहिले, त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि सावकाश पुढे ढकलले, पुन्हा मागे, पुन्हा पुढे. आवाज हळूहळू नीट झाला. मी दारात थोडा वेळ थांबले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.